बाबांचा डावा पाय

मिस्त्रीच्या हातचं काम म्हणजे काळ्या दगडावरची रेघ, असं त्याचे बाबा सगळ्यांना सांगत. सगळ्यांना म्हणजे अगदी सगळ्यांना. पत्ता विचारायला थांबलेल्या माणसालासुद्धा ते आधी मुलाचं गॅरेज दाखवत आणि मग डावीकडे वळायचं की उजवीकडे ते सांगत. मिस्त्रीला सुरुवातीला याची लाज वाटायची, नंतर सवय झाली. आणि आपलं कौतुक ऐकायची सवय झाली की माणूस हळूहळू त्यावर विश्वासही ठेवायला लागतो. त्यानेही ठेवला. घोडं तिथेच पेंड खात होतं.

बाबा स्वतः आयुष्यभर ड्रायव्हर होते. एका कंपनीच्या मोठ्या साहेबांची गाडी त्यांनी नोकरीभर चालवली, आणि साहेबांनी नवी घेतली तेव्हा जुनी बाबांनाच देऊन टाकली. गोल दिव्यांची, जाड पत्र्याची, पुढची सीट सोफ्यासारखी सलग आणि गिअरची दांडी स्टिअरिंगला. रस्त्याने जाताना लोक वळून बघत, आणि बाबा कोणी बघत नसल्यासारखं दाखवत. इतक्या वर्षांत त्यांच्या हातून त्या गाडीला साधा ओरखडा उठला नव्हता. लोकांना वाटतं गाडी हातांनी चालवतात, असं ते म्हणायचे, पण खरा ड्रायव्हर ओळखायचा तो डाव्या पायावरून, क्लच कसा सोडतो त्यावरून.

आणि त्याच डाव्या पायाने दगा दिला, असं घरात ठरून गेलं होतं.

झालं होतं ते असं. बाबा आणि आई बाजारातून आले. आई फाटक उघडायला उतरली. बाबा गाडी पहिल्या गिअरमध्ये ठेवून, क्लच दाबून, ब्रेकवर नुसता पाय टेकवून थांबले होते. फाटकाची कडी अडकली, आईला वेळ लागला, आणि थांबलेली गाडी एकदम पुढे उसळली. फाटक आईच्या अंगावर आलं. गाडी आचका देऊन तिथेच बंद पडली म्हणून निभावलं, नाहीतर काय झालं असतं याचा विचार घरात कोणी मोठ्याने केला नाही. आईचं उजवं मनगट मोडलं. पुढे प्लास्टर निघालं, पण मूठ काही पुरती वळेना. डॉक्टर म्हणाले, आता एवढीच वळेल.

मिस्त्री त्या दिवशी हातातलं काम टाकून धावत आला होता. आईला दवाखान्यात पोचवल्यावर त्याने गाडी सुरू केली, क्लच दाबला, गिअर टाकला, क्लच सोडला आणि गाडी शेडमध्ये नेऊन लावली. जरा करकरली, पण गेली. क्लचला काही झालेलं नाही, हा निकाल त्याने एवढ्यावरच देऊन टाकला. पेडल त्याने दाबून धरलं नाही. दिवसभर लोकांच्या गाड्या आत-बाहेर करणारा माणूस क्लच असाच बघतो, दाब, टाक, सोड. तो तसा धरून बसायला मिस्त्री लोकांना फुरसत कुठे असते? ते काम फाटकापाशी थांबलेल्या नवऱ्याचं.

संध्याकाळी त्याने त्याहून वाईट केलं. बाबा खुर्चीत बसले होते, समोर आई प्लास्टरचा हात उशीवर ठेवून बसली होती. मिस्त्रीने बाबांपुढे उकिडवं बसून त्यांचा पाय उचलला, तळव्याला आपला तळहात लावला आणि दाबा म्हणाला. आधी उजवा, मग डावा. बाबांनी दात आवळून दाबला. डावा जरा हलकाच लागतोय, असं मिस्त्री म्हणाला, डॉक्टर बोलतात तशा आवाजात. कोणाचाही एक पाय दुसऱ्यापेक्षा जरा हलकाच लागतो, पण हे त्या वेळी सुचायला हवं ना. बाबांनी पायजम्याची वर गेलेली कड खाली केली आणि खिशातली किल्ली काढून टेबलावर ठेवली. कोणी मागितली नव्हती.

तेव्हापासून बाबा घरात अपराध्यासारखे वावरत होते. आईची सगळी कामं त्यांनी अंगावर घेतली. कपडे पिळायचे, कणीक मळायची, रोज सकाळी तिची वेणीसुद्धा तेच घालायचे. वेणी कायम एका बाजूला झुकलेली असायची आणि आई दिवसभर तशीच हिंडायची, पण तिने ती कधी सोडून पुन्हा घालून मागितली नाही. राग तिने केव्हाच सोडला होता. फक्त बाबा पायरी उतरायला लागले, बादली उचलायला लागले की ती म्हणायची, "अहो, पाय सांभाळा." काळजीनेच म्हणायची. बाबा दर वेळी थांबून खाली पायाकडे बघत.

शेवटी गाडी विकायचं बाबांनीच काढलं. जुन्या गाड्यांचा नाद असलेले एक दाताचे डॉक्टर ती कधीपासून मागत होते. ते रविवारी दुपारी बघायला येणार होते. विकायची असली तरी नीट करून दे, एवढंच बाबा मिस्त्रीला म्हणाले आणि शेडकडे न बघता आत गेले.

रविवारी सकाळी मिस्त्रीने गाडीवरचं कापड काढलं, आत बसला आणि क्लच दाबला. काहीतरी खटकन तुटलं. पेडल खाली गेलं आणि खालीच राहिलं.

त्याने गाडी जॅकवर घेतली आणि दिवा घेऊन खाली सरपटत गेला. त्या गाडीचं पेडल थेट क्लचला जोडलेलं नाही. मध्ये एक आडवा दांडा आहे, त्याचं एक टोक इंजिनला टेकलेलं आणि दुसरं चॅसीवर, म्हणजे गाडीच्या सांगाड्यावर, वेल्डिंग केलेल्या एका ब्रॅकेटमध्ये बसवलेलं. पेडल दाबलं की दांडा फिरतो आणि क्लच सुटतो. ते वीतभरही नसलेलं ब्रॅकेट जागेवरून हललं, की पाय कितीही जोर लावो, तो सगळा वाया. आता ते तुटून लोंबत होतं.

मिस्त्रीने ते ओढून काढलं आणि दिव्यापाशी धरलं. लोखंड आत्ता तुटलं असेल तर तुटलेली जागा चकाकते. चीर जुनी असेल तर ती काळी पडते, तेल-धूळ खाते, गंजते. इथे एका काठाला करंगळीच्या नखाएवढी जागा चकाकत होती. बाकी सगळं काळं होतं. चॅसीवरही घासल्याची गुळगुळीत खूण होती. म्हणजे ब्रॅकेट आज तुटलं खरं, पण फार आधीपासून ते एका काठावर लटकत होतं. झटकन दाबलं तर काम द्यायचं. दाबून धरलं, की चीर उघडून सरकायचं, आणि पाय पेडलवर असतानाच क्लच आपोआप लागायचा.

वेल्डिंग त्याचं स्वतःचं होतं. आपलं वेल्डिंग माणूस आपल्या अक्षरासारखं ओळखतो.

त्याला सगळं आठवलं. क्लच प्लेट बदलताना ते ब्रॅकेट खिळखिळं दिसलं होतं म्हणून त्याने ते नव्याने जोडलं होतं. पण जोडलं ते इंजिन जॅकवर उचललेलं असताना. इंजिन आधी आपल्या जागी बसू द्यायचं, मग दांड्याची रेष बघायची आणि मग जोडायचं, हे गॅरेजात नवीन आलेल्यालाही तो शिकवायचा. त्या दिवशी दारात गिऱ्हाईक उभं होतं आणि ही गाडी घरची होती. घरच्या गाडीला कसलं मोजमाप आणि कसला नियम. जॅक काढल्यावर इंजिन बोटभर खाली बसलं, दांडा तिरका झाला. ते त्याला दिसलं होतं. बसेल हळूहळू, असं म्हणून त्याने हात पुसले होते. त्यानंतर प्रत्येक दाबाला तो तिरका दांडा ब्रॅकेटला बाजूला ओढत राहिला.

आणि बाबांनी सांगितलं नव्हतं असंही नाही. पेडल धरून ठेवलं की पायाखालून सरकल्यासारखं होतं रे, असं ते एकदा नाही, दोन-तीनदा म्हणाले होते. बघतो, म्हणाला होता तो. शेवटच्या वेळी हसून म्हणाला होता, "बाबा, पेडल नाही सरकत. वय सरकतंय."

गाडीखाली पडल्या पडल्या मिस्त्रीच्या मनात पहिला विचार आला तो आईच्या मनगटाचा नव्हता, बाबांचाही नव्हता. हे कोणाकोणाला कळेल, हा होता. असा विचार आपल्या मनात आला याची त्याला किळस आली, पण आला तर होताच.

मग त्याने काम केलं, आणि हे मात्र कबूल करायला हवं, की असं काम त्याने आधी कधी केलं नव्हतं. जुनं वेल्डिंग ग्राइंडरने पार घासून काढलं. चॅसीपर्यंत गेलेल्या बारीक चिरेच्या टोकाला भोक पाडलं, म्हणजे ती पुढे धावणार नाही. ती चीर भरून घेतली. जाड पट्टी कापून नवं ब्रॅकेट केलं, कोपऱ्यात आधाराला तिकोनी तुकडा दिला. इंजिन त्याच्या रबरावर पूर्ण बसलंय हे हाताने चाचपलं. बॅटरी सोडवली. आधी नुसते ठिपके मारून ब्रॅकेट धरवलं, दांडा दोन बोटांनी फिरवून बघितला, जराही अडला नाही तेव्हाच पूर्ण जोडलं. निवल्यावर रंग दिला. मग आत बसून पेडल दाबलं आणि धरून ठेवलं, मांडी थरथरायला लागेपर्यंत. वरातीमागून घोडं म्हणतात ते हेच.

खाली उतरला तर दारात बाबा चहा घेऊन उभे. झालं का, त्यांनी विचारलं.

तेव्हाच सांगायचं होतं. तुटलेलं ब्रॅकेट फडक्याखाली बाकावर पडलं होतं, नुसतं फडकं उचलायचं होतं. पण मिस्त्रीच्या तोंडून निघालं ते भलतंच. एकदा चालवून बघता का, असं तो म्हणाला. बाबा नको नको म्हणत राहिले, डॉक्टरांनाच बघू दे म्हणाले, आणि म्हणता म्हणता येऊन सीटवर बसलेसुद्धा.

मागच्या मोकळ्या जागेत त्यांनी गाडी काढली. एक फेरी मारली, दुसरी मारली. कोपऱ्यातल्या चढावर गाडी गिअरमध्ये, क्लच दाबून उभी केली आणि धरून ठेवली. गाडी जागची हलली नाही. मग त्यांनी क्लच असा सोडला की कपातला चहा हिंदकळला नसता. परत आले तेव्हा त्यांचा चेहरा बघवत नव्हता, इतका उजळला होता.

"पाय परत आला रे," ते म्हणाले. "रोज चालतोय ना. सकाळ-संध्याकाळ."

मिस्त्री हो म्हणाला. त्याला वाटलं, चला, सुटलो. बाबांना पाय मिळाला, गाडी विकायचं टळेल, आणि माझं माझ्यापाशी राहील. साप मरेल आणि काठीही तुटणार नाही. चोराला पळवाट दिसावी तसा त्याचा जीव हलका झाला.

बाबा लगबगीने आईला बोलवायला गेले. एक चक्कर मारून येऊ, असं काहीसं ते म्हणत होते. आई ओट्यापाशी उभी होती. तिने हात पुसले, वाकडी वेणी मागे टाकली आणि शांतपणे नाही म्हणाली. एकदा गेलेल्या पायाचा काय भरवसा, एक हात झालाय, दुसरा मोडून घ्यायचा नाही मला. तिच्या बोलण्यात टोचणी नव्हती. पाऊस येईल, कपडे आत घ्या, असं सांगावं तसं तिने सांगितलं.

बाबा शेडमध्ये परत आले. बरोबरच आहे तिचं, असं म्हणून बाकावर बसले आणि डाव्या गुडघ्यावर हात ठेवून त्याच्याकडे बघत राहिले. मघाचा उजेड चेहऱ्यावर नावालाही उरला नव्हता.

मग मिस्त्रीला राहवलं नाही. त्याने फडकं उचललं आणि ब्रॅकेट त्यांच्या हातात दिलं. बाबा ते घेऊन दारातल्या उजेडाकडे गेले. ड्रायव्हर असले तरी जन्म गाड्यांत गेला होता, लोखंड त्यांनाही वाचता येत होतं. काळ्या जागेवरून त्यांनी अंगठा फिरवला.

"हे आजचं नाही," ते म्हणाले.

"नाही. आईचा हात मोडायच्या आधीचं आहे. तिरकं जोडलं होतं मी. तुम्ही सांगत होतात, मी बघितलं नाही."

बाबांनी ब्रॅकेट उलटं करून पुन्हा बघितलं. मग त्यांचे खांदे हलायला लागले. मिस्त्रीला वाटलं, आता ते आपल्यावर ओरडणार. ते रडत होते. हातात ते लोखंड धरून, लहान पोरासारखं, नाक ओढत. माझा पाय नव्हता, माझा पाय नव्हता, एवढंच पुन्हा पुन्हा म्हणत होते. मिस्त्री समोर उभा होता आणि त्यांच्या जवळ जायची त्याची हिंमत होत नव्हती.

थोड्या वेळाने त्यांनी बाहीने डोळे पुसले. आईला आत्ताच सांगतो, असं म्हणून मिस्त्री निघाला, तर त्यांनी त्याचा दंड धरला.

"तिला नाही सांगायचं."

"बाबा, असं कसं..."

"तिचा माझ्यावरचा राग आता जुना झालाय, त्याला धार नाही. तुझ्यावर नवा धरावा लागेल तिला. या वयात कशाला?" त्यांनी ब्रॅकेट त्याच्या हातात परत दिलं. "मला कळलं ना, पुरे झालं. टाकून दे भंगारात."

आणि मिस्त्रीला बरं वाटलं. खोटं कशाला बोला, बरं वाटलं. बाप आपणहून ओझं उचलतोय तर उचलू दे, असं वाटलं. त्याने ब्रॅकेट भंगाराच्या डब्यात टाकलं, आणि ते खणकन वाजलं तेव्हा त्याने मान वर केली नाही.

दुपारी दाताचे डॉक्टर आले. आनंदी माणूस. गाडीभोवती दोनदा फिरले, दिव्यांवरून हात फिरवला, आत बसून क्लच दाबला आणि लोण्यासारखा आहे म्हणाले. मग त्यांना साहजिक प्रश्न पडला की अशी गाडी कोणी विकतं का. आई पायरीवर येऊन उभी होती.

"गाडीत काही खोट नाही," बाबा म्हणाले. "माझाच पाय गेला. हिचा हात मोडला माझ्यामुळे. बाकी काम सगळं माझ्या मुलाच्या हातचं आहे, डोळे मिटून घ्या. काळ्या दगडावरची रेघ."

आईला त्यांची दया आली. ती खाली उतरली आणि डॉक्टरांना सांगायला लागली की वयच झालंय यांचं, होतं असं, आम्ही कोणी काही बोलत नाही यांना. बोलताना तिने आपला अर्धवट मिटणारा हात बाबांच्या पाठीवर ठेवला. बाबांनी मान खाली घालून ते ऐकून घेतलं आणि चूक कबूल असल्यासारखी मान हलवली. खरं काय ते ठाऊक असताना हलवली. एकदा मिस्त्रीकडे बघून त्यांनी डोळ्यांनीच गप्प राहायला सांगितलं.

तेवढं मात्र मिस्त्रीला गिळवेना.

"आई, बाबांचा पाय गेला नव्हता," तो म्हणाला. आवाज इतका मोठा निघाला की डॉक्टर दचकले. "माझं वेल्डिंग तुटलं होतं. फाटकापाशी ते पेडल दाबूनच बसले होते. तुझा हात माझ्यामुळे मोडला."

डॉक्टरांनी हळूच गाडीचं दार लावलं, फोन करतो असं पुटपुटले आणि गेले. आई मिस्त्रीकडे बघत होती. मग तिने बाबांकडे बघितलं.

"तुम्हाला माहीत होतं?"

"आज कळलं. सकाळी."

"आणि आत्ता मान हलवत होतात?"

आईने त्यांच्या पाठीवरचा हात काढून घेतला आणि तो दुसऱ्या हातात धरून उभी राहिली. रोज उठून मी यांना पाय सांभाळा म्हणत होते, असं ती म्हणाली, कोणालाच उद्देशून नाही. मिस्त्रीला वाटत होतं तिने चिडावं, काहीतरी बोलावं, हात उचलावा. ती पायऱ्या चढून आत गेली.

मिस्त्रीने बाबांकडे बघितलं. त्यांची बाजू राखली, त्यांचं नाव धुऊन काढलं, म्हणून त्यांच्या तोंडून बरा शब्द निघेल अशी त्याला कुठेतरी आशा होती, आणि ती असल्याचीही शरम वाटत होती. बाबांनी डॉक्टरांनी अर्धवट लावलेलं दार उघडलं आणि नीट लावलं.

"तुझ्यासाठी आता काही करण्यासारखं माझ्याकडे उरलंय कुठे?" ते म्हणाले. "एवढं एक तरी मला करू द्यायचं होतंस."

आणि ते आईच्या मागोमाग आत गेले.